घडीची घोडी

१९८९ साल. मला त्रेचाळीसावं चालू होतं, आणि उभ्याने सुतारकाम करणारा माणूस एकतर गोरा असतो नाहीतर खोटा, असं माझं ठाम मत होतं.

मत उगाच नव्हतं. माझा बाप खाली बसून काम करायचा, त्याचा बापही खालीच बसायचा. फरशीवर बूड टेकायचं, एक पाय मुडपायचा, दुसऱ्या पायाच्या टाचेखाली लाकूड दाबायचं आणि अंगठ्याने त्याला हवं तसं वळवायचं. दोन्ही हात रंध्याला मोकळे. माझ्या पायाच्या अंगठ्याला जेवढं कळतं तेवढं काही लोकांच्या डोक्याला कळत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे बापाने हातात पटाशी दिली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते लिहून टाकावं म्हणून बसलोय.

वर्तकनगरच्या एका कॉलनीत मोरीचं दार खाली घासतंय म्हणून बोलावणं आलेलं. दुसरा मजला, दीड खोलीचं घर. दार काढलं, आडवं टाकलं, त्यावर पाय रोवला आणि रंधा लावणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"मिस्त्री, पाय चालायला दिलेत."

वळून बघितलं. उंच, बारीक गृहस्थ, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, वर बनियन आणि कानावर पेन्सिल. कानावर पेन्सिल माझ्याही होती. दोघांच्या कानावर पेन्सिल असली की एकाने तरी काढायला पाहिजे, असं मला वाटलं. त्यांनी काढली नाही.

"मग लाकूड काय दातांत धरू?" मी म्हणालो.

"लाकूड धरायला अवयव लागत नाहीत. जागा लागते. थांबा."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "झालं! आता मिस्त्रींनाही घोडी दाखवणार."

या बाईंना मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणत आलो. त्या गृहस्थांना मी साहेब म्हणायचो, पण त्या साहेबमध्ये मान कमी आणि टोमणा जास्त असायचा. कॉलनी त्यांना घडीवाले काका म्हणायची. खरं नाव मी लिहीत नाही. त्यांनी हरकत घेतली नसती, पण ते नाव घ्यायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही.

तर साहेबांनी कपाटामागून एक चपटी वस्तू ओढून काढली. उभी केली की भिंतीला टेकलेल्या पाटासारखी दिसायची. ती घेऊन ते गॅलरीत गेले. गॅलरीच्या फरशीवर तांबड्या ऑइलपेंटने चार ठिपके काढलेले होते. दोन कड्या सरकवल्या, चार पाय खाली पडले, पंखांचे नट चार वेळा फिरवले आणि चारही पाय बरोबर चार ठिपक्यांवर. माझी बिडी पेटायच्या आत गॅलरीचा कारखाना झाला.

वर दोन जाड सागवानी फळ्या होत्या, मध्ये फट. खाली दोन लाकडी मुठी. मूठ फिरवली की एक फळी दुसरीकडे सरकायची आणि मधलं लाकूड मगरीने धरावं तसं धरायची. फळ्यांना भोकं होती, त्यांत खुंट्या बसायच्या. रुंद फळी असली तर ती खुंट्यांत अडकवायची. एका बाजूला हातोडीला आकडा, दुसरीकडे खिळ्यांचा डबा टांगायला कडी, खाली पटाशा ठेवायला तबक. आणि उजव्या कोपऱ्यात एक गोल भोक.

"हे कशाला?"

"कपाला," साहेब म्हणाले. "चहा सांडला की लाकडाला डाग पडतो."

कोलशेतच्या बाजूला एका कंपनीत ते नकाशे काढायला होते. तिथे कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी असल्या घडीच्या मेजाचं चित्र बघितलेलं. चित्रावरून माप काढून, त्यात आपली गॅलरी बसवून, त्यांनी हे बनवलं. ते त्याला मेज म्हणायचे. वहिनी घोडी म्हणायच्या. मीही घोडीच म्हणत आलोय.

त्या घरात घडी होत नाही अशी वस्तू शोधावी लागायची. स्टूल घडीचं, जेवायचं टेबल भिंतीला मिटणारं, कपडे वाळत घालायची काठी घडीची. वर्तमानपत्र वाचून झालं की त्याची आठ पदरी घडी. एकदा त्यांनी देव्हाराही घडीचा केला. वहिनींनी तो परत साधा करायला लावला. म्हणाल्या, "देवांना दुपारचं मिटायचं नाही." मला चहा देताना त्या म्हणायच्या, "या घरात घडी न होणारी मी एकटीच उरलेय, मिस्त्री. माझ्याकडेही अधूनमधून बघत असतात, बिजागरी कुठे लावावी म्हणून."

घोडी फक्त रविवारी उघडायची, नऊ ते बारा. बाराचा भोंगा झाला की अर्धं राहिलेलं लाकूड तसंच बाजूला, घोडी मिटली, भुसा झाडून डब्यात. भुसा शेजारच्या बाईंच्या शेगडीला जायचा. साहेब म्हणायचे, "उघडलं की कारखाना, मिटलं की घर. दोन्ही एकदम राहिलं की भांडण."

आणि करवत चालवायच्या आधी ते गॅलरीतून वाकून खालच्या बिऱ्हाडाला विचारायचे, "कापू का?"

खालून बाई ओरडायच्या, "कापा!"

मगच कापायचे. दर वेळी. एका रविवारी मी तिथेच होतो. साहेबांनी विचारलं तर खालून दबका आवाज आला, "थांबा हो, पोरीला बघायला आलेत!" साहेब हातात करवत घेऊन तासभर उभे राहिले. बसलेसुद्धा नाहीत. पाहुणे जिना उतरून गेले तशी खालून हाक आली, "पसंत पडली! आता कापा!" तेव्हा कापलं.

एक खण करायला त्यांना पाच रविवार लागायचे. मी सकाळी बसलो तर जेवायच्या आत असे दोन खण उठवायचो. पण त्यांचा खण एका बोटाने आत जायचा, ही गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही.

मी नाक्यावर सांगायचो ते दुसरंच. खोपटला एस.टी. डेपोसमोर एक चहाची टपरी होती. तिथे आम्ही सुतार सकाळी जमायचो, कामवाले येऊन घेऊन जायचे. टपरी चालवायची ती मावशी खाडीकडची कोळीण, तोंडाने फटकळ. तिथे मी साहेबांची नक्कल करायचो. कानावर पेन्सिल, पोट आत, मान पुढे. मोजपट्टी काढायची, घालायची, परत काढायची. मग टपरीच्या फळीवर हात ठेवून बारीक आवाजात विचारायचं, "कापू का?"

सगळे एका सुरात, "कापा!"

रोजचा खेळ झाला तो. बिडी मागायची तरी "कापू का", चहा सांगायचा तरी "कापा". मावशी एकटी हसायची नाही. म्हणायची, "त्यानं तुझं काय घोरं मारलं रं?"

घोडं काहीच मारलेलं नव्हतं. उलट मी त्यांच्याकडे आपणहून जायचो. त्यांना धार लावता यायची नाही, तेवढी एक गोष्ट यायची नाही. मी दगडावर त्यांच्या पटाशा लावून द्यायचो, आणि ते शेजारी उभे राहून बघायचे. "धार तुमची," म्हणायचे. "धार तुमचीच." मला ते ऐकायला आवडायचं. मग जिना उतरून नाक्यावर जायचं आणि नक्कल करायची.

त्याच साली माझा डावा गुडघा गेला. आधी नुसता कुरकुरायचा, मग बसलं की तिथेच अडकायला लागला. बसायला जमायचं. उठता यायचं नाही. भिंत धरून, खिडकी धरून, एकदा तर गिऱ्हाइकाच्या फ्रीजचं हँडल धरून उठलो. खाली बसून काम करणारा सुतार, आणि त्याला उठता येत नाही हे चार लोकांना कळलं की संपलं. म्हणून मी एक युक्ती काढलेली. उठायची वेळ आली की गिऱ्हाइकाला म्हणायचं, "जरा पाणी आणता?" माणूस आत गेला की दात खाऊन, भिंतीला धरून उभं राहायचं. तो पाणी घेऊन येईपर्यंत आपण उभे. कोणाला कळलं नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

एकदा साहेबांच्या घरी मांडणी बसवत होतो. दुपारपर्यंत मी पाच वेळा पाणी मागितलं. पाचव्यांदा वहिनी म्हणाल्या, "मिस्त्री, आज खारं खाऊन आलात वाटतं." साहेबांनी तांब्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. माझ्या हाताचे काळे डाग भिंतीवर पडलेले, पाच ठिकाणी.

पुढच्या रविवारी मला म्हणाले, "मिस्त्री, सरळ उभे राहा. हात खाली सोडा."

"कशाला?"

"टॉवेलची खुंटी लावायचीय."

"ती माझ्या मापाने?"

"सरासरी माणसाचं माप लागतं."

फरशीपासून माझ्या मनगटापर्यंत त्यांनी पट्टी लावली, दोनदा मोजलं, भिंतीवरच्या कागदावर आकडा लिहिला. मला सरासरी म्हणाले याचाच मला राग आला. बाकी काही माझ्या डोक्यात आलं नाही.

नंतर तीन महिने मी तिकडे फिरकलो नाही. डोंबिवलीला एका नव्या इमारतीचं काम निघालेलं, सगळ्या दारा-खिडक्यांचं. ठेकेदाराला हाताखाली आठ सुतार देऊन एक मुख्य मिस्त्री नेमायचा होता. असं काम मला जन्मात मिळालं नव्हतं. तो सोमवारी सकाळी नाक्यावर येऊन माणूस ठरवणार होता. मी नवा सदरा घालून गेलेलो. ठेकेदार आला, चहा घेतला, माझ्याशी बोलायला लागला. काम माझंच होतं, त्याच्या बोलण्यावरून कळत होतं.

तेवढ्यात डेपोकडून साहेब आले. कंपनीच्या कपड्यांत, इस्त्रीची पँट, आणि खांद्यावर घोडी.

गर्दीतून वाट काढत ते टपरीसमोर आले. घोडी खाली उतरवली, कड्या सरकवल्या, पाय पाडले, नट आवळले. मग कोणीतरी मागून बारीक आवाजात ओरडला, "कापू का?"

आणि नाका गर्जला, "कापा!"

साहेबांनी मान वर केली. मला वाटलं, आता कळलं यांना. पण त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "अरे वा," म्हणाले, "तुमच्याकडेही विचारतात?" त्यांना वाटलं, मी त्यांची चांगली सवय सगळ्यांना लावली.

त्या हसण्याचं मी काय करू, हे मला अजून समजलेलं नाही.

मग ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मिस्त्री, हे तुमचं. तुमच्या मनगटाच्या मापाचं आहे. गुडघा वाकवायला नको. पाणीही मागायला नको."

हळूच म्हणाले. त्यांची चूक नव्हती. पण ठेकेदार माझ्या शेजारीच उभा होता.

"काय रे," तो म्हणाला, "गुडघा गेलाय तुझा?"

"कोणाचा गेलाय?" मी म्हणालो. माझा मलाच आवाज मोठा वाटला. "माझा? हे बघा."

मी घोडी एका हाताने आडवी पाडली. सगळ्यांसमोर खाली बसलो, गुडघा पुरता मुडपून. गुडघ्यात काहीतरी कचकन वाजलं, तोंडावर दिसू दिलं नाही. घोडीचा एक पाय टाचेखाली दाबला, पिशवीतून लाकूड तासायचा वाकस काढला आणि म्हणालो, "काम असं करतात साहेब. खाली बसून." आणि घाव घातला.

चार घावांत पाय तुटला. चार बोटं लांबीचा तुकडा उडून मावशीच्या चुलीपाशी पडला. लाकूड चांगलं होतं. घाव घालतानाच हाताला कळलेलं, की हे जुनं सागवान आहे, खोक्याचं लाकूड नाही. तरी मी थांबलो नाही.

नाका हसत होता. कोणी शिट्टीसुद्धा मारली. उठायचं होतं तेव्हा मी टपरीचा खांब धरला आणि विनोद केल्यासारखं म्हणालो, "मावशी, पाणी दे गं, साहेबांना."

मावशीने पाणी दिलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

साहेब वाकले. तुकडा उचलला, त्यावरची राख फुंकली. त्याच्या तिरप्या, फाटक्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग मला विचारलं, "मोजून कापलंत का?"

चिडून नाही विचारलं. खरंच विचारलं.

त्यांनी तुकडा खिशात घातला, घोडी मिटली, टपरीच्या कुडाला लावून उभी केली. "ओलीत ठेवू नका," म्हणाले. आणि कोलशेतच्या बसला उशीर होतोय म्हणून गेले.

काम मला मिळालं. ठेकेदार म्हणाला, रग आहे तुझ्यात. अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर चौकट ठोकायला बसलो तो उठलोच नाही. पाणी मागितलं, आणलं. परत मागितलं, परत आणलं. तांब्या भरून चार वेळा आला आणि मी तिथेच. शेवटी चौघांनी मला फळीवर बसवून खाली उतरवलं, आणि ठेकेदार गेटपाशी उभा राहून बघत होता.

त्यानंतर मी कुलपं-कड्या बसवायचं काम धरलं. दाराला कडी, दाराला बिजागरी, दाराला डोळा. सगळं उभ्याने करायचं काम. लोकांना वाटायचं, मिस्त्रीला आता छोटी कामं आवडतात. मीही तसंच सांगायचो.

घोडी घरी आणलेली होती. मी बायकोला म्हटलं, फोडून चुलीत घाल. ती म्हणाली, "इतकं चांगलं लाकूड?" आणि तुटक्या पायाखाली वीट लावून तिने त्यावर पाण्याचे हंडे मांडले. घरात येता-जाता दिसायचं. सात वर्षं मी तिकडे न बघता पाणी पीत होतो. साहेबांच्या घरी गेलो नाही. रोज जाईन म्हणायचो असंही नाही. जाणार नाही, हेच रोज ठरवायचो. मला असं ठरवायला चांगलं जमतं.

१९९६ साली मावशीने मला टपरीवर एक पोस्टकार्ड दिलं. पत्ता म्हणून लिहिलेलं, मिस्त्री, चहाची टपरी, डेपोसमोर, खोपट, ठाणे. नकाशावर लिहितात तसं कोरीव अक्षर, पण रेघा थरथरलेल्या. मागे एवढंच: "मुक्काम आता डोंबिवली, मुलीकडे. दाराची वरची बिजागरी ढिली. रविवार, ९ ते १२." खाली पत्ता.

मावशी म्हणाली, "त्याचंच ना? मंग जातंस की परत वाकस आणू?"

दोन रविवार मी गेलो नाही. तिसऱ्याला गेलो.

दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे झालेले. "या," म्हणाल्या, "पाणी आणू का?" आणि स्वतःच जीभ चावली.

साहेब खुर्चीत होते. हात मांडीवर, आणि दोन्ही हात आपोआप हलत होते, चाळण चाळल्यासारखे. पेन्सिल कानावर होतीच. बिजागरी खरंच ढिली होती. चार स्क्रू. असलं काम ते पूर्वी चहा निवायच्या आत करायचे. मी आवळत होतो आणि ते बघत होते, उभं राहून काम करताना मला.

"मेज कामावर आहे ना?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आहे."

"पाय जोडलात?"

"हो."

"कसा?"

"दुसरा तेवढाच तुकडा घेऊन, अर्धा-अर्धा तासून. सांधा मारून."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "मग सांध्यात दोन बोटं गेली. बाकीचे तीन पाय?"

"तेही तेवढेच कापले."

"म्हणजे मेज दोन बोटं खाली आलं. तुमच्या मनगटाच्या खाली. कंबर दुखत असेल."

"नाही दुखत," मी म्हणालो.

"दुखणार," साहेब काळजीने म्हणाले. "खाली ठोकळे मारा. सांगून ठेवतो."

माझा स्क्रू आवळून झालेला होता, तरी मी तो आवळत राहिलो. तोंड दाराकडेच ठेवलं.

निघताना सहज विचारावं तसं मी वहिनींना विचारलं, "साहेबांची घोडी इथे कुठे उघडता? इथे तर गॅलरीच नाही."

"यांची घोडी?" वहिनी म्हणाल्या. "ती तुमच्याकडेच आहे की."

मला कळेना.

"अहो, वरच्या फळ्या, त्या मुठी, सगळं यांच्याच घोडीचं काढून तुमची केली. नुसते पाय नवे, तुमच्या मापाचे. तसं सागवान परत मिळेना म्हणाले. आणि मीही म्हटलं, सुटले एकदाची! तर कसली सुटतेय. रविवारचे नऊ ते बारा हे माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या पोळ्यांच्या घड्या मोजून घालायचे." त्या हसल्या, मग हसणं तसंच राहिलं. "मी म्हणायचे, जाऊन परत तरी आणा. मिस्त्री वापरत नसले तर? तर म्हणायचे, वापरतात. मेज कामावर गेलंय. लेक दर दिवाळीला नवी करा म्हणून मागे लागायची, तिलाही हेच. कामावर गेलंय."

सात वर्षं ते हंड्यांखाली होतं.

मी चपला घालत होतो तेव्हा साहेबांनी आतून हाक मारली. वहिनी गेल्या आणि परत आल्या त्या हातात काहीतरी घेऊन. आठ पदरी घडीच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. "हे म्हणतायत, तुमचा पाय तर जोडून झालाय, पण असू द्या. कधी उपयोगी पडेल."

मी जिन्यात उघडलं. चार बोटांचा तुकडा. एका टोकाला माझ्या वाकसाचे चार घाव, दुसऱ्या टोकाला त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं माप. सात वर्षांत पुसट झालेलं, त्यावरून परत गिरवलेलं होतं, थरथरत्या हाताने. गिरवणं ताजं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि हंडे खाली उतरवले. बायको म्हणाली, "पाणी कुठे ठेवू?" म्हटलं, "खाली ठेव. ते वाकून घे, नाहीतर मी देतो." घोडी पुसली. ओलीने फळ्या काळ्या पडलेल्या, पण फाटल्या नव्हत्या. खांद्यावर घेतली, करवत, काटकोनाचा गुण्या आणि तो तुकडा पिशवीत टाकला आणि नाक्यावर गेलो.

भर गर्दीची वेळ होती. जुने निम्मे तेच होते. मी टपरीसमोर, त्याच जागेवर, घोडी उघडली. तुटका पाय नट काढून सोडवला आणि त्या कोपऱ्याखाली मावशीचं खोकं दिलं. मुठी गंजलेल्या. मावशीने न मागता तेलाची वाटी पुढे केली. मग तो पाय मी घोडीच्याच फळ्यांत धरला, फाटकं तोंड बाहेर. मूठ आवळली. लाकूड हललं नाही. मी सरळ उभा होतो, आणि माझं मनगट बरोबर फळीवर आलेलं होतं. एका केसाचा फरक नाही.

मी गुण्या लावला, सांध्याची रेघ मारली, करवत उचलली. मग मान वर करून, माझ्या स्वतःच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कापू का?"

कोणी "कापा" म्हणालं नाही. चुलीपाशी मावशी कप विसळत होती. तिने वर न बघता विचारलं, "आता इचारतंस?"

मी करवत खाली ठेवली. पुन्हा एकदा मोजलं. मग कापलं.